मैदानाचं खूळ

‘आमच्या वेळी पोरं अशी नव्हती’ असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बोलणारा घरचा असो, परका असो, लग्नाच्या पंगतीत शेजारी येऊन बसलेला कुणी म्हातारा असो, मी ऐकून घेत नाही. माझ्या नातीला हे ठाऊक आहे. ती आधीच माझ्या हाताला धरून म्हणते, ‘आजी, जेव ना, सोड.’ मी जेवते, पण सोडत नाही. हे वाक्य मी लहानपणी पोटभर ऐकलं आहे, आणि ज्याच्या तोंडून ऐकलं त्याची ‘वेळ’ कशी होती तेही मला नंतर कळलं आहे. म्हणून इतका राग.

ते तोंड माझ्या वडिलांचं. बाबा मालवणकडचे. आधी लालबागला गिरणीत होते, मग मुलुंडला आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही पूर्वेच्या बाजूला एका बैठ्या चाळीत राहायला आलो. चाळीच्या पुढे थोडी घरं, मग एक मैदान आणि मैदान संपलं की मिठागरं. त्या मैदानाची मातीसुद्धा खारट होती. गुडघा फुटला की अशी झोंबायची की डोळ्यांत पाणी यायचं.

बाबांना कशावरूनही आपली वेळ आठवायची. मी मोठ्याने हसले, आमच्या वेळी मुली अशा हसत नव्हत्या. जेवताना दुसऱ्यांदा कढी मागितली, आमच्या वेळी ताटात पडेल ते खायचे. भावाने केस मानेवर वाढवले आणि खाली पायघोळ होणारी पॅन्ट शिवून आणली तेव्हाही आठवली, पण त्याच्या बाबतीत ती आठवण आठवडाभरात विरली. बाबा त्याला चारचौघांत ‘आमचो हिरो’ म्हणायला लागले. आपला तो बाब्या! माझ्या बाबतीत मात्र त्यांची वेळ कधी संपलीच नाही.

मैदानावर आमच्या भागातल्या क्रीडा मंडळाचा मुलींचा खो-खोचा संघ होता. साठ सालानंतरच्या त्या वर्षांत मुलींचा संघ चालवणं म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या सरांना रोज दहा घरांची समजूत काढणं होतं. ते काम त्यांनी आपल्या बायकोवर सोपवलं होतं. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. संध्याकाळी वहिनी हळदीकुंकवाला बोलवायला आल्यासारखी एकेका दारात उभी राहायची, ‘पोरीला नेते हं’ म्हणायची, आणि दिवे लागायच्या आत ज्याची पोर त्याच्या दारात आणून पोहोचवायची. आम्ही घरातून निघायचो ते हाफ पॅन्टवर परकर नेसून. मैदानावर गेलं की परकर काढून घडी करून वहिनीच्या पायाशी ठेवायचे. परकरांचा तो ढीग सांभाळत ती शेंगा सोलत बसायची. सगळ्या चाळीला हे माहीत होतं आणि सगळी चाळ माहीत नसल्यासारखी वागत होती. आईसुद्धा. परकराखाली काय आहे हे धुणाऱ्या बाईला कळत नसेल का?

मी पाठलागात चांगली होते. चांगली म्हणजे उगाच नाही. खांबाजवळ वळणारा गडी सूर मारून टिपायचा तो माझ्यासारखा आमच्या संघात कुणी टिपत नव्हतं. सर कौतुकात कंजूष होते, पण अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचा, निकाल लागल्यावर ते मला म्हणाले, ‘ह्या वर्षी उपनगरच्या संघात तुझं नाव लागलं पाहिजे. तिथून पुढे नोकरी आहे. पुढच्या स्टेशनांवरच्या दोन मुली खेळावर कचेरीत चिकटल्या. तू का नाही?’

मी का नाही, हा प्रश्न त्याआधी मला कुणी विचारलाच नव्हता. घरात माझ्यापुढे एकच गोष्ट मांडलेली होती, लग्न. अकरावी झाली, पोळ्या गोल येतात, बांगडे साफ करता येतात, आता काय राहिलं? सरांच्या त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. उपनगरच्या संघाची निवड त्या वर्षी आमच्याच मैदानावर व्हायची होती, दिवाळीनंतरच्या एका रविवारी. त्या रविवारी मैदानावर असणं एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

आणि नेमकं तेव्हाच बाबांच्या कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं, की तुमची मुलगी उघड्या मैदानात हाफ पॅन्टवर पळते. बाबा त्या दिवशी घरी आले ते चपला न काढताच.

‘उद्यापासून मैदान बंद,’ ते म्हणाले.

‘का?’ मी विचारलं.

‘का? माका का इचारतंस? आमच्या टायमाक बापाशीच्या समोर उभ्या रवाची हिंमत नव्हती पोरांची. बापूस एकदा बोल्लो म्हणजे झाला. घरातून पाऊल भायर पडत नव्हता बापाशीक इचारल्याशिवाय.’

मी आईकडे पाहिलं. आई डाळ घोटत होती, ती घोटत राहिली. त्या काळात आयांना डाळ फार घोटावी लागायची.

मी मैदान सोडलं नाही. वहिनीच्या घरी शिवण शिकायला जाते असं आईने परस्पर ठरवून टाकलं, आणि मी मुकाट्याने ते वापरलं. पण मनात धुमसत होतं. मला शिवण नको होतं. मला दारातून सरळ, सगळ्यांच्या देखत, मैदानावर जायचं होतं. चोरी केल्यासारखं का जायचं? मी काय चोरलं होतं?

दिवाळी झाली आणि गावाहून मोठे काका आले. बाबांचे थोरले चुलतभाऊ. डोळ्यात मोतीबिंदू झाला होता, तो काढायला आले होते. ऑपरेशन नीट झालं आणि डोळ्यावर हिरवं फडकं बांधून ते आमच्याकडे पंधरवडाभर राहिले. माणूस गोड. दुसऱ्या उघड्या डोळ्याने सगळीकडे बघायचे आणि बसल्या बसल्या गावच्या गोष्टी सांगायचे. भाऊ तेव्हा कामाच्या शोधात एका मित्राकडे पुण्याला गेला होता, म्हणून ऐकायला मीच.

एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. काकांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली आणि मला म्हणाले, ‘अगो, तुझो बापूस चवदा वर्सांचो होतो तेव्हा घरात कोणाक कायएक न सांगता पळालो होतो, ठाऊक आसा तुका?’

मला ठाऊक नव्हतं. आईलाही असेलसं वाटलं नाही, कारण तिचा हात वाढता वाढता थांबला.

‘दशावताराचो पेटारो गावातसून चललो होतो,’ काका सांगत होते. पेटारो म्हणजे नाटकवाल्यांची सोंगांची पेटी, गावोगाव डोक्यावरून जाणारी. ‘ह्यो तेच्या पाठसून चलत गेलो. जत्रेच्या दिवसांत ह्या गावात एक रात, त्या गावात दुसरी. म्हयनोभर पत्तो नाय. आणि कोण झाल्लो? राणी! लुगडा नेसून, फुलां माळून. दिसायचो काय! बायका वळान वळान बघीत.’

बाबा हसायला लागले. आधी मिशीत, मग मोठ्याने. त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. ताटावरूनच त्यांनी एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्या हाताने नसलेला पदर सावरला आणि मान वेळावून दाखवली. आईसुद्धा हसली. एक क्षण मलाही ते फार आवडले, हे मी नाकारत नाही. माझे बाबा आणि राणी!

‘मग आजोबांनी मारलं असेल?’ मी विचारलं.

‘मारल्यान? छ्या!’ काका म्हणाले. ‘कळला तसो तो होडयेन खाडी पार करून, डोंगर उतरून जत्रेक गेलो. सगळो खेळ लोकांत बसान बघल्यान. सकाळी पोराच्या हातात भाकरी आणि भाजलेले बांगडे बांधलेला फडका दिल्यान आणि इल्या वाटेन घराक इलो. जत्रा संपल्यार ह्यो आपसूक परत इलो.’

‘देवमाणूस होते आमचे बापूस,’ बाबा डोळे पुसत म्हणाले. हसून हसून आलेलं पाणी होतं ते.

मी हातातला घास ताटात परत ठेवला. म्हणजे त्यांच्या वेळी पोरं पळून जात होती. लुगडी नेसून रात्रभर नाचत होती. बाप मारत नव्हते, भाकरी घेऊन जात होते! आणि हे सगळं सांगून, हसून झाल्यावर हा माणूस उद्या सकाळी पुन्हा मला म्हणणार होता, आमच्या वेळी घरातून पाऊल बाहेर पडत नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी बोलून गेले, ‘बाबा, मग मी काय वेगळं करते? मी तर पळूनही गेले नाही. दिवे लागायच्या आत घरी येते.’

हसू जाग्यावर थिजलं. बाबा म्हणाले, ‘तू मुलगी.’

‘तुम्ही राणी झाला होतात.’

बाबा ताटावरून उठले. काका खाली मान घालून बोटाने ताटातला भात गोळा करत राहिले. आईने मला डोळे वटारून दाखवले, पण नंतर भांडी घासताना ती स्वतःशीच हसत होती, ते मी पाहिलं. तिचाही मला रागच आला. हसतेस काय आतल्या आत? जरा बाहेर हस की!

त्याच आठवड्यात बाबांनी माझ्यासाठी एक स्थळ आणलं. मुलगा विक्रोळीला कामाला, घर कांजूरला, गाव आमच्या शेजारचं. मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती, मी त्याला पाहिलंच नव्हतं. ती माणसं मला बघायला येणार होती रविवारी सकाळी. कुठल्या रविवारी? निवडीच्याच. बाबांनी ते मुद्दाम केलं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. मैदानात निवडीचा फलक लागला होता आणि बाबा रोज कामाला जाताना त्याच वाटेने रेल्वेच्या पुलाकडे जायचे.

शुक्रवारी संध्याकाळी काकांचं फडकं निघालं. डोळा स्वच्छ झाला, दुसऱ्या दिवशीच्या एसटीने ते गावी निघणार होते. आमच्याकडे असं काही सुखरूप पार पडलं, किंवा काही नवं करायचं असलं, की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची रीत आहे. घरातल्या सगळ्यात मोठ्या पुरुषाने देवाशी मोठ्याने बोलायचं, त्याचे उपकार मानायचे, मागायचं ते मागायचं, आणि दर वाक्यानंतर बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. मग नारळ फोडायचा. हे मी जन्मापासून बघत आले होते. काय मागतायत ते नीट ऐकू आलं नाही तरी होय म्हणायचं. पाळण्यातली पोरंसुद्धा सुरात काहीतरी ओरडतात.

शेजारची तीन-चार माणसं दारात येऊन उभी राहिली. काकांनी टोपी घातली, हात जोडले. त्याआधी बाबा त्यांच्या कानाशी काही पुटपुटले होते.

‘बा देवा म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’

‘आज ह्यो जो काय नारळ तुझ्या पायाशी ठेवलेलो आसा, तो मान करून घे. माका डोळो दिलंस, असोच सगळ्यांक उजेड दी रे म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’ माझाही आवाज त्यात होता. काकांचा डोळा मला मनापासून बरा व्हायला हवा होता.

‘ह्या घरातला लेकरू आता मोठा झाला. येत्या आयतवारी माणसां येतत. तेंका ता पसंत पडांदे, आणि शिमग्याच्या आत तेचा लगीन होवंदे रे म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’ बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर. आईचाही त्यात होता, बारीक.

‘आणि तेच्या डोक्यातला मैदानाचा खूळ काढून टाक रे म्हाराजा!’

‘होय...’ सगळ्यांनी सुरू केलं.

‘नाय म्हाराजा,’ मी म्हणाले.

मी ठरवलं नव्हतं. देवासमोर तमाशा करायचा असं मनात आणलं नव्हतं. पण सगळे मिळून देवाकडे माझं डोकं रिकामं करून मागत होते आणि मी हात जोडून होय म्हणायचं? माझा आवाज मोठा आला. मैदानावर खो द्यायचा आवाज, तो बारा बाय बाराच्या खोलीत मावला नाही. शेजारणीच्या कडेवरचं पोर एकटंच सुरात ओरडलं आणि तेही थांबलं.

बाबांचा हात वर गेला. काका मध्ये उभे राहिले.

‘थांब,’ ते म्हणाले. त्यांनी नारळ उचलून पाहिला आणि पुन्हा पाटावर ठेवला. ‘गाऱ्हाण्यात एक “नाय” इलो. आता मी ह्यो नारळ फोडूचंय नाय.’

‘दादा, पोर आसा ती! तिचा काय ऐकतंस?’ बाबा ओरडले. ‘आमच्या टायमाक...’

‘पोर आसा,’ काका शांतपणे म्हणाले, ‘पण घरातली आसा.’

सकाळी ते गावी गेले. बाबा माझ्याशी बोलले नाहीत. आई बोलली, पण कामापुरतं. तो नारळ देवापुढे तसाच पडून होता आणि केर काढताना आई त्याच्या भोवतीने केरसुणी फिरवत होती.

रविवारी सकाळी आईने मला चहा दिला आणि कालच्या पोळीला तूप लावून पुढे केली. नेसायला काढून ठेवलेल्या साडीकडे बोट केलं नाही, थांब म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी हाफ पॅन्ट चढवली. परकर दोरीवरच राहू दिला. बाबा दारात वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी त्यांच्या बाजूने बाहेर पडले आणि सगळ्या चाळीसमोरून तशीच चालत गेले. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी ‘वाट लागली हिची’ म्हणालं. मी मागे बघितलं नाही.

खेळले मी चांगली. सुरुवातीला सूर चुकला, हनुवटी फुटली, पण मग लागोपाठ गडी बाद केले. तरी एक गोष्ट कबूल करते, मी अधूनमधून मैदानाच्या कडेला बघत होते. मूर्खासारखी! आजोबांनी पोरासाठी खाडी ओलांडली होती. आमच्या दारापासून मैदान हाकेच्या अंतरावर होतं. कडेला वहिनी होती, शेंगा होत्या, इतर मुलींचे परकर होते. बाबा नव्हते.

बघायला आलेल्या माणसांना आईने सांगितलं, की मुलगी खेळायला गेली आहे, बसा, येईल. ती बसली नाहीत.

माझं नाव संघात लागलं. त्यानंतरच्या वर्षी एका कचेरीत खेळावर नोकरी लागली. बाबा पुन्हा बोलायला लागले, आधी पेपर मागण्यापुरतं, मग हळूहळू सगळंच. त्या रविवारबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाही. मी वाट बघत होते. माफी वगैरे नको होती, बापाने मुलीची माफी मागण्याची रीत आमच्यात नाही. एकदा चिडून ‘तेव्हा माझं ऐकलं नाहीस’ एवढं म्हणाले असते तरी मला बरं वाटलं असतं. मग मी भांडले असते. माझं सगळं भांडण तयार होतं.

नोकरीला वर्ष-दोन वर्षं झाल्यावर एका संध्याकाळी चाळीतले एक गृहस्थ बाबांकडे आले. त्यांची मुलगी मंडळात जायचं म्हणत होती, घरात वाद चालू होता. मी नुकतीच कामावरून येऊन आत तोंड धूत होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

‘पाठवा,’ बाबा त्यांना सांगत होते. ‘बिनधास्त पाठवा. पोरांका अडवूचा नाय. मी माझ्या मुलीक कधी अडवलंय नाय. म्हणून आज ती कमावता.’

मी ओल्या तोंडाने बाहेर आले. अंगाचा नुसता भडका उडाला होता. ह्याच गृहस्थांची बायको तेव्हा गाऱ्हाण्याच्या वेळी दारात उभी होती, कडेवर पोर घेऊन. मी म्हणाले, ‘बाबा, अडवलं होतंत तुम्ही मला.’

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. चोरी पकडली की माणसाचे डोळे कसे होतात ते मला बघायचं होतं. ते तसे झालेच नाहीत. बाबा माझ्याकडे नवलाने बघत राहिले, मग त्यांनी आईकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

‘केव्हा गो?’ त्यांनी विचारलं.

आणि मला कळलं, की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.